पोलाद तपासणारा नवरा आणि पाचव्या महिन्याची सोनोग्राफी

गरोदरपण म्हणजे आजार नव्हे, असं आमच्या डॉक्टरमॅडम पहिल्याच भेटीत म्हणाल्या. माझ्या बायकोकडे, दर्शनाकडे बघून म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं असतं तर त्यांनी वाक्य फिरवलं असतं. पुढे दर्शनाला खरोखरच इस्पितळात पडून राहावं लागलं, पण तिच्या दुखण्याला निदान नाव होतं आणि त्यावर उपाय होता. माझ्या दुखण्याला दोन्ही नव्हतं.

हे लिहितोय ते ज्यांच्या घरात सध्या ‘सोनोग्राफी करायची की नाही’ यावरून भांडी आपटली जात आहेत त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही. डॉक्टर नसताना डॉक्टरकी करायला गेलं की काय होतं, त्याचा चालताबोलता नमुना आहे, एवढीच माझी पात्रता.

मला सगळं येतं

माझं काम वेल्डिंग तपासण्याचं. उरणच्या बाजूला तेलाच्या टाक्या आहेत, तळोज्याला कारखाने. तिथले जोड आतून नीट भरलेत की नाही ते मी बघतो. बघतो कसं, तर ध्वनिलहरींनी. बाटलीच्या बुचाएवढा प्रोब, त्याच्याखाली ग्रीस, आणि हातात छोटा पडदा. आवाज पोलादात जातो. मध्ये कुठे चीर असेल तर तो तिथूनच परत फिरतो आणि पडद्यावर रेषा उसळते. चीर नसेल तर रेषा सरळ राहते. आमच्या धंद्यात सरळ रेषा म्हणजे सुख. ती दिसली की सही करायची आणि चहा प्यायला जायचं.

आता हेच तंत्र सोनोग्राफीचं. तोच आवाज, तसाच प्रोब, फक्त पोलादाच्या जागी पोट. त्यामुळे सोनोग्राफीतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा पक्का समज होता. लग्नकार्यात मी ते नातेवाइकांना समजावूनही सांगायचो. ते ऐकून घ्यायचे, कारण पंगत बसायला वेळ असायचा.

ती खोली

आमचं हे दुसरं गरोदरपण. पहिलं तिसऱ्या महिन्यातच संपलं होतं.

तेव्हा पनवेलमध्येच सोनोग्राफीला गेलो होतो. अर्धवट अंधाराची खोली, थंडगार. तपासणाऱ्या बाई बोलक्या होत्या. माहेर कुठलं, विचारलं. दर्शना म्हणाली, “उरणजवळच्या मोऱ्याचं.” “अरे वा, मग काय, जेट्टीवर गेलं की ताजी...” असं म्हणता म्हणता बाई थांबल्या. ताजी काय, ते राहूनच गेलं. प्रोब इकडे फिरवला, तिकडे फिरवला. नंतर नुसता बटणांचा आवाज. मग त्यांनी शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावलं. ते आले, तेही पडद्याकडे बघायला लागले. मीही बघत होतो. तिघांची तोंडं पडद्याकडे, आणि जिच्या पोटात चाललं होतं ती छताकडे बघत पडलेली.

“ठोके दिसत नाहीत,” असं शेवटी कुणीतरी म्हणालं.

घरी आल्यावर दर्शना फार रडली नाही. एवढंच म्हणाली, “त्या खोलीत मी परत जाणार नाही.”

मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो असं. ओसरेल.

सही कुठे लागते?

पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. उलव्याला आमच्या भाताच्या खाचरांवर तेव्हा इमारतींचे सांगाडे उभे राहत होते आणि विमानतळ फक्त लोकांच्या बोलण्यात होता. आम्ही पनवेलला फ्लॅटमध्ये आलो होतो. मी, दर्शना आणि माझी आई.

डॉक्टरमॅडमनी सुरुवातीच्या दिवसांत दर्शनाचं मन ओळखून आग्रह धरला नाही. चौथा महिना संपत आला तेव्हा म्हणाल्या, “पाचव्या महिन्यातली एक तरी करावी, असा माझा सल्ला आहे. सल्ला बरं का, सक्ती नाही.”

“नको,” दर्शना म्हणाली.

“ठीक आहे. पुढच्या वेळी बोलू.”

मॅडमनी सोडलं, मी कशाला सोडतोय? रिक्षातच सुरू झालो. “दर्शना, न तपासलेल्या जोडावर मी आजपर्यंत सही केलेली नाही.”

“मग नका करू. तुमची सही लागतेय कुठे?”

रिक्षावाला हसला. तो हसलेला बघून मी विषय घरापर्यंत बंद ठेवला.

घरी आई तिच्या बाजूने. आईचं म्हणणं सरळ होतं, पोटातलं झाकलेलं बरं. “कनाला ती मशीन? आमी एवरी पोरा काढली, कुनी आत बगला व्हता?”

“आई, त्यांतली दोन गेली.”

“ती मशीन नवती म्हनून नाय गेली. त्यांचा शेर तेवराच व्हता.”

कालवणात मीठ किती, यावर लग्नापासून ज्या दोघींचं एकमत झालं नव्हतं, त्या या एका मुद्द्यावर खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. मी एकटा पडलो. आणि एकटा पडलेला पुरुष जे करतो तेच मी केलं. प्रात्यक्षिक द्यायचं ठरवलं.

रविवारचा प्रयोग

सोमवारी थेट उरणच्या साइटवर जायचं होतं, म्हणून कंपनीचं मशीन शनिवारी घरी आणलेलं होतं. रविवारी चहा झाल्यावर मी दोघींना हॉलमध्ये बसवलं. बनियन वर केली. ग्रीस घरात लावू दिलं नसतं, म्हणून खोबरेल तेल घेतलं.

“हे बघा, याने काही होत नाही. ना चटका, ना गुदगुल्या. नुसता आवाज असतो, तोही आपल्याला ऐकू येत नाही.” असं म्हणत मी प्रोब स्वतःच्या पोटावर टेकवला आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला.

आई पुढे वाकली. “दिसते काय?”

“थांब, दिसेल.”

“एवरा मोठा प्वाट हाय, कायतरी दिसाला पायजे का नको?”

पडद्यावर काहीच येईना. यायचं कसं? ते मशीन पोलादासाठी लावलेलं होतं, माझ्या चरबीसाठी नव्हतं. डाव्या टोकाला एक उंचवटा आणि पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी सरळ रेषा. मी आपला सवयीने खूश झालो. म्हणालो, “बघितलंत? एकदम सरळ. कुठे काही नाही!”

दर्शना उठली आणि आत गेली. दार लावलं नाही, आपटलं नाही, नुसती गेली.

आईने माझ्याकडे बघितलं. तिने टीव्हीवरच्या मालिका माझ्यापेक्षा जास्त पाहिल्या होत्या. इस्पितळाच्या पडद्यावर सरळ रेषा म्हणजे काय, ते जगातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

“बनियन खाली कर,” आई म्हणाली. “तुजी अक्कल दिसली सगल्यांना.”

करंदी सोलताना

त्यानंतर काही दिवस आमच्यात फक्त भाजी-आमटीपुरतं बोलणं होतं. एका संध्याकाळी दर्शना करंदी, म्हणजे बारकी कोळंबी, सोलत बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो आणि मदतीला हात घातला. मी सोललेल्या करंदीत करंदी कमी आणि टरफल जास्त, त्यामुळे तिने माझ्यापुढची थाळी काढून घेतली. मग म्हणाली,

“मला मशीनची भीती नाही वाटत.”

मी टरफलं गोळा करत राहिलो. हे मला जमलेलं पहिलं शहाणपण.

“त्या दिवशी सगळे बघत होते. त्या बाई, ते डॉक्टर, तुम्ही. सगळ्यांना कळलं, मग मला. माझं पोट, आणि मला शेवटी. मी त्या पंख्याची पाती बघत पडले होते.”

इतके दिवस मी तिला लहरींची वारंवारता समजावत होतो. तिचा प्रश्न लहरींचा नव्हताच.

“मग करायची नाही?” मी विचारलं.

“मी तसं म्हटलं का? मला मॅडमशी बोलायचंय. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.”

मॅडमच्या समोर ती जे बोलली ते मी पहिल्यांदाच ऐकलं. तिने विचारलं, “सोनोग्राफी केल्याने नक्की काय बदलेल?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “काही गोष्टी दिसतात आणि त्यांच्यावर आपण काहीतरी करू शकतो. काही दिसतात, पण आपल्या हातात फारसं काही नसतं. त्या वेळी तुम्हाला काय करायचंय ते मी तुम्हालाच विचारेन. आणि काही गोष्टी दिसतच नाहीत. सगळं नीट दिसलं म्हणजे सगळं नीटच, अशी हमी मी देत नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मी तुम्हाला सोडणार नाही, बाकीची तपासणी चालू राहील. पण मी डोळे बांधून काम करतेय, हे मला माहीत असेल.”

दर्शनाने तिथल्या तिथे ठरवलं नाही. घरी आली, दोन रात्री झोपली, भांडली, जेवली. मग फोन करून तिने स्वतःच सांगितलं. सोनोग्राफी करेन, पण पडदा माझ्याकडे फिरवायचा. तपासणाऱ्याने बोलत राहायचं, जे दिसेल ते दिसेल तेव्हा सांगायचं. आणि नवरा माझ्या उशाशी बसेल, पडद्याकडे पाठ करून.

शेवटची अट ऐकून आई इतकी हसली, की तिचा विरोध तिथेच संपला.

हाड असू दे की

या वेळचे डॉक्टर वेगळे. मॅडमनी त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलेलं. दारावर कायद्याने लावलेला बोर्ड, इथे मुलगा की मुलगी ते सांगितलं जात नाही. आत ते डॉक्टर क्रिकेटच्या समालोचकासारखे बोलत होते. “हे डोकं. हा मणका, मोत्यांच्या माळेसारखा. हे ठोके, बघा, छान चालू आहेत.” दर्शनाने माझं बोट धरलं होतं. ठोके म्हटल्यावर ते तिने इतकं आवळलं, की मला माझे ठोके जाणवायला लागले.

मी पाठ करून बसलो होतो. खरंच बसलो होतो. पण समोर काचेचं कपाट होतं, आणि काचेत पडदा दिसत होता. त्याला मी काय करू? बघता बघता काचेत एक जाड, पांढरीफेक, चमकणारी पट्टी दिसली. आमच्या धंद्यात जे चमकतं ते वाईट. तोंडातून निघूनच गेलं, “डॉक्टर, ते पांढरं काय आहे? केवढा मोठा डिफेक्ट आहे!”

मग डॉक्टर म्हणाले, “ते बाळाच्या मांडीचं हाड आहे. असू दे की त्याला हाड.”

दर्शना हसायला लागली. पोट हललं, पडद्यावरचं चित्र हललं, बाळही हललं. डॉक्टर म्हणाले, “साहेबांना बाहेर काढू का?” ती म्हणाली, “राहू द्या. पण कपाट झाका.” कपाटावर चादर टाकली गेली.

आणि त्यानंतर, त्याच आवाजात, न थांबता, डॉक्टर म्हणाले, “बाळ व्यवस्थित दिसतंय. एक गोष्ट आहे, तीही सांगतो. वार खाली आहे. बाळाच्या बाहेर यायच्या वाटेवर.”

मी मागे वळलो. दर्शना पडद्याकडे बघत होती. “म्हणजे?”

डॉक्टरांनी बोटाने दाखवलं. वार म्हणजे जिच्यातून बाळाला रक्त मिळतं ती. ती सहसा वरच्या बाजूला असते. खाली असली आणि वाट अडवून बसली, तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि मग ऑपरेशन करावं लागतं. पण गर्भाशय वाढतं तशी बऱ्याच जणींची वर सरकते. म्हणून आठव्या महिन्यात पुन्हा बघायचं.

“पुन्हा?” मी म्हणालो.

“पुन्हा,” दर्शना म्हणाली.

आतून तपासू नका

सातव्या महिन्यातल्या ओटभरणाची हिरवी साडी आणून ठेवली होती. मी तळोज्याला साइटवर होतो. आईचा फोन आला, “दर्शनाला रगत जातंय. आमी चाललू हास्पिटलान. तू ये.”

कुठे जायचं ते मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. लहान दवाखान्यात नाही, ज्याच्या आवारातच रक्तपेढी आहे त्या मोठ्या इस्पितळात. विचार करत बसायला लागलं नाही. वार खाली आहे हे माहीत असल्याचा पहिला उपयोग हा झाला.

दुसरा उपयोग मी नंतर ऐकला. वार खाली असताना आतून हाताने तपासलं तर रक्त आणखी सुटू शकतं. तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर हातमोजे घालून पुढे आली, तेव्हा आमची आई खाटेला आडवी उभी राहिली. “आतून नका तपासू! वार खाली हाय तिची. मशीनीत दिसलीय.” डॉक्टर म्हणाली, “हो आजी, तेच विचारायला आले होते.” तरी आई हलली नाही. पोटातलं झाकलेलं बरं म्हणणारी माझी आई पोटातला नकाशा तोंडपाठ सांगत होती.

मी धावत वर पोचलो तो डोक्यावर पिवळं हेल्मेट, छातीवर उंचावर चढायचे पट्टे. सिस्टर म्हणाली, “आग विझवायचे सिलिंडर तळमजल्यावर आहेत, तिथून तपासायला सुरुवात करा.” मी म्हटलं, “मी नवरा आहे.” “कुणाचा?” हा प्रश्न तसा रास्त होता.

रक्त थांबलं. दुखत काही नव्हतं, आणि तेच जास्त भीतीचं वाटत होतं. त्या दुपारी मला खरी भीती म्हणजे काय ते कळलं. तिच्यात बोलता येत नाही, विनोद सुचत नाही, आणि हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

वाचता वाचता कुणा बाईच्या पोटात गोळा आला असेल तर सांगून टाकतो, दर्शना आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत. मुलगी झाली. आता ती माझं हेल्मेट घालून घरभर फिरते. आता निवांत वाचा.

बरेच दिवस मुक्काम पडला. सकाळी सिस्टर यायच्या, रक्त गेलं का विचारायच्या, बाळाचे ठोके ऐकायच्या. मग नाश्ता, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, मग काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ फार लांब असतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईची सासू रोज तिघांपुरता डबा आणायची आणि आम्हाला दटावून खायला लावायची. साफसफाईच्या मावशी येता-जाता दर्शनाच्या पायाला हात लावून “थंड नाय ना?” विचारायच्या. अशा गोष्टींची नावं कुठल्या कागदावर येत नाहीत, पण दिवस त्यांच्यावर ढकलला जातो.

तिथेच एकदा दर्शनाच्या केसांना तेल लावताना आई बोलून गेली. “माजी बहीन अशीच गेली. वार आदी आली, नि रगत थांबलाच नाय. होरीत घातली नि खाडीतून नेली, वाटंतच गेली.” मी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. एक मावशी होती, तरुणपणीच वारली, एवढंच ऐकलेलं.

“आई, मग तुम्ही नको का म्हणत होतात?” दर्शनाने विचारलं.

आई वेणी घालत राहिली. “बगला नि दिसला, तर काय करनार? तवा करन्यासारखा कायच नवता. म्हनून न बगलेला बरा, असा वाटायचा. सवय लागली.” मग वेणीची गाठ मारत म्हणाली, “तू बग बाय. तुज्याकरं करन्यासारखा हाय.”

आठव्या महिन्यात

आता या सगळ्यातलं सगळ्यात हास्यास्पद सांगतो. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला कोण नको म्हणालं असेल? मी.

“काय गरज आहे?” मी म्हणालो. “बाळ हलतंय. ठोके रोज ऐकतायत. उगाच परत कशाला?” माझा आवाज मलाच ओळखू येईना. जन्मभर लोकांच्या टाक्या तपासल्या, कुणाचा जोड नापास झाला तर शांतपणे खडूने गोल काढला आणि पुढे गेलो. आता आतली बातमी माझ्या घरची होती आणि मला ती नको होती.

दर्शना चाकाच्या खुर्चीत बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुम्ही बाहेर बसा आईंजवळ,” ती म्हणाली. “मी बघून येते.”

दार बंद झालं. मी आणि आई बाकावर. आईने एक पेढा काढून माझ्या हातावर ठेवला, लहान मुलाला इंजेक्शनच्या आधी देतात तसा. मी तो खाल्ला. कसा होता ते आठवत नाही.

दार उघडलं, खुर्ची बाहेर आली, मागे डॉक्टर. आई उठली, “डाक्टर, काय हाय?”

डॉक्टरांचा चेहरा कडक झाला. त्यांनी दारावरच्या बोर्डाकडे बोट केलं. “आजी, ते आम्ही सांगत नाही.”

“अवो, पोरगा-पोरगी कोन इचारतंय? वार कुठं हाय त्या सांगा!”

“ते त्यांना सांगितलंय,” डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

आम्ही दोघं दर्शनाकडे बघायला लागलो. तिने आईच्या हातातली पाण्याची बाटली घेतली. सावकाश पाणी प्यायली. झाकण लावलं, पदराने तोंड पुसलं.

“दर्शना,” मी म्हणालो, “काय ते सांग.”

“थांबा हो. सांगते.” तिने पदर नीट केला. “वार हलली नाही. ऑपरेशन करावं लागणार. आत मॅडमना फोन लावला होता, मी हो सांगितलं.”

“मला न विचारता?” हेही तोंडातून निघूनच गेलं. आईने पिशवीने माझ्या पाठीत घातली.

“आता सांगतेय ना,” दर्शना म्हणाली. ती घाबरलेली होती. तरी मान ताठ होती. “आधी मला कळलं. आता तुम्हाला.”

मी तिच्या खुर्चीपुढे खाली बसलो. मला एकच प्रश्न विचारायचा होता, बाळ कसं आहे. तिला तो न विचारताच कळला.

“झोपलं होतं,” ती म्हणाली. “डॉक्टर पोट हलवून उठवायला बघत होते. मी म्हटलं, राहू द्या. झोपू द्या त्याला.”